शुश्रूषा : हृदयाच्या रोग्यापाशीं काय ऐकावें

गेल्या महिन्यांत आम्हीं वृद्धांच्या डोळ्यांविषयीं लिहिलें होतें. त्यावर एका वाचकभगिनीचें पत्र आलें आहे. त्यांची कन्या परिचारिकेचा अभ्यासक्रम शिकत असून हृदय व रुधिराभिसरण या प्रकरणापाशीं अडली आहे. तेव्हां तें प्रकरण मुलीला व घरांतील इतर माणसांनाहि उमजेल अशा रीतीनें एकदां मांडावें, अशी त्यांची सूचना आहे. सूचना आम्हांस फार आवडली, कारण हाच प्रसंग सध्यां आमच्या घरींहि चालूं आहे. आमच्या थोरल्या बंधूंची नात पिंपरीस परिचर्येच्या महाविद्यालयांत दुसऱ्या वर्षाला आहे, आणि चिंचवड गांवांतील आमच्या जुन्या घरांत तिचें पाठांतर पहाटे पांचाला सुरू होतें.

पाठांतर चांगलें आहे. परंतु आम्ही पडलों जन्माचे मास्तर. ती इंग्रजींतून रोगाचीं लक्षणें घडाघड म्हणूं लागली कीं आम्ही मध्येंच विचारतों, "कां गं? हृदय छातींत, आणि सूज पायाला कां?" मग गाडी थांबते. पहिल्या दिवशीं ती चिडली. दुसऱ्या दिवशीं पुस्तक उलटून पाहूं लागली. तिसऱ्या दिवशीं, "आबा, बसा, आतां मी सांगतें," असें म्हणून आपण होऊन सांगावयास आली. आजच्या लेखांतील बहुतेक माल तिच्याकडून घेतलेला आहे. आमचें स्वतःचें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें; पुढें जें कांहीं केलें तें संस्कृतांत. तेव्हां औषधाचा निर्णय डॉक्टरांचा, हें आरंभींच सांगून ठेवितों.

ती या शिक्षणास जावयास निघाली तेव्हां घरांत दोन मतें पडलीं, हें लपवीत नाहीं. "आपल्या घरची मुलगी आणि नर्स?" हें मत आमचें नव्हतें, परंतु त्यावर जेवढें स्पष्ट बोलावयास पाहिजे होतें तेवढें आम्ही बोललों नाहीं. वास्तविक हा प्रश्न पुण्यानें १९०९ सालींच सोडवावयास घेतला होता. त्या वर्षीं रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनीं पुण्यांत सेवासदन काढलें, आणि तेथील स्त्रियांस ससून रुग्णालयांत परिचारिकेचें काम शिकण्यास पाठविलें. त्यांत विधवा होत्या, चांगल्या घरच्या होत्या, आणि त्यांच्याविषयीं लोक काय बोलले असतील याची कल्पना वाचकांस सहज करतां येईल. त्या गोष्टीला शंभराहून अधिक वर्षें होऊन गेलीं. आमच्या माजघरांत मात्र तोच वाद २०२३ सालीं पुन्हां पहिल्यापासून सुरू झाला! शेवटीं तो वाद वहिनींनीं, म्हणजे मुलीच्या सख्ख्या आजीनें, एका वाक्यांत मिटविला. त्या म्हणाल्या, "घरांत त्या रात्रीं एक नर्स असती तर आज मी अशी बसलें नसतें." ती रात्र कोणती तें पुढें येईल.

परिचारिकेच्या कामाला आपण शुश्रूषा म्हणतों. शब्द रोजच्या वापरांत झिजून गेला आहे, म्हणून त्याची व्युत्पत्ति सांगतों. 'श्रु' म्हणजे ऐकणें. त्या धातूच्या इच्छार्थक रूपावरून शुश्रूषा शब्द होतो. मूळ अर्थ, ऐकण्याची इच्छा. शिष्य गुरूचें ऐकावयास मिळावें म्हणून त्याच्याजवळ राही, त्याचें पाणी भरी, पाय चेपी. त्यावरून सेवा हा अर्थ आला आणि तो रोग्याच्या सेवेला लागला. हृदयरोग्यापाशीं हा मूळ अर्थ किती तंतोतंत लागूं पडतो तें नातीचें पुस्तक ऐकतां ऐकतां आमच्या ध्यानांत आलें.

प्रथम हृदयाचें काम. मुठीएवढा मांसाचा पंप. वरचीं दोन दालनें रक्त घेणारीं, त्यांस कर्णिका म्हणतात. खालचीं दोन रक्त ढकलणारीं, त्यांस जवनिका. उजवी बाजू शरीरांतून आलेलें रक्त फुप्फुसांकडे पाठविते. डावी बाजू फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेलें रक्त सर्व शरीराला पुरविते. वाटेंत चार झडपा; रक्तानें पुढें जावें, मागें फिरूं नये, एवढेंच त्यांचें काम. आतां एक हिशेब करा. विश्रांतीच्या वेळीं एका ठोक्यास सुमारें ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडतें. मिनिटास ७२ ठोके धरले तर ५,०४० मिलिलिटर, म्हणजे पांच लिटर. तासाला तीनशे लिटर. मोठ्या माणसाच्या अंगांत एकंदर रक्त सुमारें पांच लिटर. मग तासाला तीनशे लिटर आणावयाचें कोठून? विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यानें १६२८ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यांत असाच हिशेब मांडून त्यानें सिद्ध केलें कीं, तेंच रक्त पुन्हां पुन्हां फिरत असलें पाहिजे. इतका मोठा शोध गुणाकाराच्या बळावर लागला, हें आम्ही शाळेंत मुलांना आवर्जून सांगत असूं.

बृहदारण्यक उपनिषदांत हृदय या शब्दाचीं तीन अक्षरें घेऊन त्यांतून आणणें, देणें व जाणें असे तीन अर्थ काढले आहेत. त्यावरून, 'पहा, हार्वेच्या आधीं सर्व आपणांस ठाऊक होतें,' असें सांगणारे गृहस्थ अधूनमधून भेटतात. तें प्रकरण ब्रह्माच्या उपासनेचें आहे. रक्ताभिसरणाचा तेथें संबंध नाहीं. चरकानें हृदय, मस्तक व बस्ति या तीन मर्मांस सर्वांत श्रेष्ठ मानलें, हें त्याचें निरीक्षण मोठें आहे. तेवढ्याचा अभिमान पुरेसा आहे.

चाकणच्या औद्योगिक वसाहतींत देखभाल-विभागांत काम करणारा आमचा एक जुना विद्यार्थी त्या दिवशीं घरीं आला होता. नातीचें विवेचन ऐकून तो म्हणाला, "सर, हें आमच्या मशीनच्या कूलंटसारखें झालें. तेंच पाणी फिरतें. बिघाडहि तेच: व्हॉल्व्ह धरत नाहीं, लाइन चोकअप होते, प्रेशर चढतें, पंप थकतो, नाहीं तर वायरिंगचा घोळ." नातीनें वही काढून हें वाक्य लिहून घेतलें. पुस्तकाचीं चाळीस पानें त्यानें एका दमांत सांगितलीं होतीं.

त्यांतील झडपेचा रोग प्रथम घेतों, कारण त्याचा या भूमीशीं जवळचा संबंध आहे. पांच ते पंधरा या वयांतील मुलाचा घसा सुजतो, ताप येतो. हा घसा स्ट्रेप्टोकॉकस नांवाच्या जंतूमुळें सुजला असेल आणि त्यावर योग्य औषध मिळालें नाहीं, तर कांहीं मुलांना दोन-तीन आठवड्यांनीं निराळाच ताप येतो. आज गुडघा सुजतो. तो उतरतो न उतरतो तों घोटा, मग कोपर. जंतूशीं लढण्यासाठीं शरीरानें जें सैन्य उभारलेलें असतें तें चुकून आपल्याच हृदयावर तुटून पडतें. सांधे कांहीं दिवसांनीं पूर्ववत् होतात, झडप होतेच असें नाहीं. ताप पुन्हां पुन्हां आला म्हणजे झडप जाड होते, तिच्या कडा चिकटतात, आणि डाव्या कर्णिकेंतून जवनिकेंत जाण्याची वाट अरुंद होते. मुलगी वरवर धडधाकट दिसते. पुढें लग्न होतें, दिवस जातात, गर्भारपणांत अंगांतील रक्ताचें मान वाढतें, आणि मग जिना चढतांना तिला धाप लागूं लागते. सासरीं म्हणतात, नाजूक आहे.

या रोगाला आडवें घालावयाचें औषध पेनिसिलिन. १९५४ सालीं जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्यानें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना पिंपरीस निघाला, आणि १९५५ सालीं तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. येथें नगरपालिका व्हावयास अजून पंधरा वर्षें होतीं आणि महानगरपालिका तर १९८२ सालची. मोटारींचे कारखाने मागाहून आले. प्रथम आलें तें औषध. पुढें त्या कारखान्यास वाईट दिवस आले, ती कथा निराळी आहे. सांगावयाचें तें हें कीं, ज्या मुलाला हा सांध्यांचा ताप एकदां येऊन गेला त्याला दर तीन आठवड्यांनीं बेन्झाथीन पेनिसिलिनचें इंजेक्शन वर्षानुवर्षें घ्यावें लागतें. मोठ्यांना बारा लाख युनिट, लहानांना सहा लाख. औषध दाट, सुई जाड, दुखणें फार. मुलगा तर हिंडता-फिरता दिसतो. मग आईच म्हणते, "आतां कशाला?" तारीख चुकते, आणि झडपेवर दुसरा घाव पडतो. ही तारीख सांभाळणें, त्या मुलाचें रडणें ऐकून घेणें, आईला कारण समजावणें, आणि इंजेक्शनानंतर त्याला ऍलर्जीची बाधा तर होत नाहीं ना हें अर्धा तास जवळ बसून पाहणें, हें सर्व काम परिचारिकेचें. डॉक्टर चिठ्ठी लिहून मोकळे होतात. चिठ्ठी पाळविते ती सिस्टर.

रक्तदाबाविषयीं हल्लीं सर्वजण बोलतात, म्हणून थोडक्यांत लिहितों. दंडाला बांधावयाचा पट्टा इटलीच्या रीव्हा-रोची यानें १८९६ सालीं काढला. त्याखालीं धमनीचा आवाज कानांनीं ऐकावयाचा, ही युक्ति रशियाच्या कोरोत्कॉफ यानें १९०५ सालीं दाखविली. पट्टा फुगविला म्हणजे धमनी दबते व आवाज बंद होतो. हवा हळूहळू सोडतां पहिला ठोका ऐकूं येतो तो वरचा आंकडा. ठोके ऐकूं येईनातसे होतात तो खालचा. नातीनें प्रथम आमच्यावर सराव केला तेव्हां आम्ही नुकतेच जिना चढून आलों होतों, चहा घेत होतों, पाय लोंबकळत होते, आणि महानगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याविषयीं तावातावानें बोलत होतों! आंकडा आला १६२/९४. दुसऱ्या दिवशीं पांच मिनिटें स्वस्थ बसवून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, हात हृदयाच्या उंचीवर घेऊन, तोंड बंद ठेवावयास सांगून पाहिलें, तेव्हां १३४/८२. पट्टा लहान पडला तरी आंकडा उगीच चढतो. अशा चुकीच्या आंकड्यावर माणसाला जन्माची गोळी लागूं शकते. उलट, निरनिराळ्या दिवशीं नीट मोजूनहि १४० वर ९० च्या पुढें आंकडा येत असेल, तर 'मला कांहीं होत नाहीं' या म्हणण्याला अर्थ नाहीं. या रोगांत बहुधा कांहीं होत नसतेंच, म्हणून तर तो वर्षानुवर्षें दडून राहतो. रात्रपाळीचे कामगार आणि आपल्या घरांतील लोणचें-पापडाचे भोक्ते यांनीं विशेष लक्षांत ठेवावें. दिवसाला मीठ पांच ग्रॅमच्या आंत असावें, म्हणजे लहान चमचाभर. आणि पापडाचें मीठ त्यांतच धरावयाचें.

आतां ती रात्र.

सन २०११ च्या भाद्रपदांत गौरीजेवणाचा दिवस होता. घरांत तीस पानें उठलीं. दादा त्या वेळीं चौसष्ट वर्षांचे. सडपातळ, शाकाहारी, तंबाखूला आयुष्यांत बोट न लावलेले, रोज पवनेच्या कांठानें मोरया गोसावींच्या समाधीपर्यंत चालणारे. रात्रीं दहाच्या सुमारास ते म्हणाले, "छातींत भरल्यासारखें वाटतें." सकाळीं पुरणपोळी झालेली, आम्ही सर्वांनीं एकमुखानें निदान केलें: पित्त. कोणीं ओवा आणला, कोणीं लिंबू-सोडा. आम्ही स्वतः त्यांच्या पाठीवरून हात फिरवीत बसलों होतों. त्यांच्या सदऱ्याची पाठ घामानें भिजून थंड लागली, हें आमच्या हाताला कळलें होतें. जबडा दुखतो असें ते म्हणाले. आम्हांला वाटलें, दाढ. "पडून राहतों, सकाळीं पाहूं," असें तेच म्हणाले, आणि सणाच्या रात्रीं डॉक्टरांना कशाला उठवा, असें आम्ही म्हणालों. पहाटे तीनला गाडी काढली. वाटेंतच दादा गेले. नात तेव्हां सहा वर्षांची होती, आणि गौरीपुढें तिला झोप लागली होती.

हृदयालाहि रक्त लागतें, आणि तें त्याला पंपांतून थेट मिळत नाहीं. त्याच्या अंगावरून फिरणाऱ्या दोन मुख्य धमन्यांतून मिळतें. त्यांच्या आंतल्या अंगाला वर्षानुवर्षें मेदाचा थर बसतो. तो थर एके दिवशीं फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते, आणि वाट बंद होते. पुढचा मांसाचा भाग त्याच क्षणीं मरत नाहीं. तो तासागणिक मरत जातो. म्हणून वेळ हेंच औषध. दाबल्यासारखें, आवळल्यासारखें दुखणें, पंधरा-वीस मिनिटांत न थांबणारें. तें डाव्या हातांत, जबड्यांत, पाठींत किंवा पोटाच्या वरच्या भागांत जाणें. थंड घाम, मळमळ, धाप. दादांनीं यांतील तीन गोष्टी आम्हांला सांगितल्या होत्या. आम्हीं ऐकल्या, ऐकण्याची इच्छा मात्र पुरणपोळीनें भरून टाकलेली होती. स्त्रियांत, वृद्धांत व मधुमेह्यांत तर छातींत दुखतच नाहीं असेंहि होतें. नुसता थकवा, धाप, ओकारी. अशा बाईला घरांत 'आज फार काम झालें' एवढेंच ऐकावयास मिळतें.

रुग्णालयांत शिरल्यापासून दहा मिनिटांच्या आंत ई.सी.जी. निघाला पाहिजे, असा नियम आहे. तुंबलेली धमनी फुग्यानें उघडावयाची तर ती दाखल झाल्यापासून दीड तासाच्या आंत. तशी सोय दोन तासांत गांठतां येणार नसेल तर गुठळी विरघळविणारें औषध तत्काळ. त्या दहा मिनिटांत रोग्यापाशीं उभी असते ती बहुधा परिचारिका. 'पित्त असेल' असें रोगी स्वतः तिला सांगत असतो. तिनें तें ऐकावें, आणि ई.सी.जी. काढावा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रांत २०१४ सालीं सुरू झाली. तिला फोन करण्यास संकोच धरूं नये. आणि जे चाकणकडे राहतात त्यांना तळेगांव चौकांत पाळी सुटण्याच्या वेळीं गाड्या कशा अडकतात हें आम्हीं सांगावयास नको. वाटेंत जाणारी वेळ आपल्या हातीं नाहीं. घरांत ओवा शोधण्यांत जाते ती आहे.

दादा सडपातळ होते, मग त्यांना कसें झालें, हा प्रश्न घरांत पुष्कळ वर्षें फिरत राहिला. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं लॅन्सेट साप्ताहिकांत दोघांचें छायाचित्र छापलें होतें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं एक. परंतु अंगांतील मेद मोजला तेव्हां इंग्रज गृहस्थांच्या अंगांत शेंकडा ९.१ आणि आपल्या पुणेकरांच्या अंगांत शेंकडा २१.२ निघाला. आपल्याकडील माणूस बारीक दिसतो, परंतु त्याच्या अंगांत, विशेषतः पोटांत, मेद दडलेला असूं शकतो. बारीक माणसानें साखर व चरबी तपासून घेण्याचें टाळूं नये, एवढा याचा अर्थ. दादांनीं तपासणी कधींच केली नव्हती. त्यांच्याकडे पाहून ती करावी असें वाटण्यासारखें कांहीं नव्हतें.

पायांविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. शिरांतील रक्त पायांपासून वर चढवावयाचें काम पोटरीचे स्नायू करतात, आणि शिरांमध्येंहि लहान लहान झडपा असतात. यंत्रापुढें आठ आठ तास एका जागीं उभें राहणाऱ्या कामगारांच्या या झडपा सैल पडतात व शिरा गांठीगांठींच्या फुगून येतात; त्यांना चालतें राहणें, बसल्यावर पाय उंच ठेवणें व डॉक्टरांच्या सल्ल्यानें घट्ट मोजे वापरणें हितावह. परंतु शस्त्रक्रियेनंतर किंवा लांबच्या आजारांत अंथरुणावर पडून असलेल्या माणसाचा एकच पाय अचानक सुजला, गरम लागला, पोटरी दुखूं लागली, तर तो तेल लावून चोळूं नये. आपल्या घरांत पहिली धांव तेलाच्या वाटीकडे असते! आंत रक्ताची गुठळी असेल तर ती चोळण्यानें सुटून फुप्फुसांत जाऊन अडकण्याची भीति असते. नातीनें हें सांगितलें तेव्हां वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आम्हीं जन्मभर केलें तें?" ती म्हणाली, "आजी, दोन्ही पाय थकून दुखत असले तर खुशाल चोळ. एकच सुजला तर मला सांग."

नाडीची गोष्ट अशी. घाईंत असलेली सिस्टर पंधरा सेकंद मोजून चारानें गुणते. आम्ही गणिताचे चाहते. तरीहि हा गुणाकार करूं नका असें सांगतों. नाडी अनियमित असेल तर गुणाकारानें चूक चौपट होते. पूर्ण एक मिनिट मोजावें, आणि आंकड्याबरोबर तालहि ऐकावा. एखाद्याची नाडी मुळींच तालांत नसते. दोन ठोके जवळ, तिसरा लांब, चौथा हरवलेला. वरच्या कर्णिका नीट आकुंचन न पावतां नुसत्या थरथरत असल्या म्हणजे असें होतें. आमच्या चाकणकरांच्या भाषेंत वायरिंगचा घोळ. थरथरणाऱ्या कर्णिकेंत रक्त सांचून गुठळी बनते, आणि ती मेंदूकडे गेली तर अर्धांगवायु. येथें दोन परिचारिकांनीं एकाच मिनिटांत, एकीनें छातीवर स्टेथोस्कोप लावून व दुसरीनें मनगट धरून, मोजावयाचें असतें. छातीवर ९६ आणि मनगटावर ८० आले तर सोळा ठोके हातापर्यंत पोंचलेच नाहींत, असें समजावें. डिगॉक्सिन नांवाचें एक जुनें औषध आहे. ज्या झाडाच्या पानांपासून तें निघालें त्याच्याच जातकुळीतील एका झाडाचा उपयोग इंग्लंडांत विदरिंग यानें १७८५ सालीं लिहून ठेविला. तें देण्यापूर्वीं छातीवरील ठोके पूर्ण मिनिट मोजावे. मोठ्या माणसांत साठाच्या खालीं आले तर गोळी हातांत ठेवून डॉक्टरांना विचारावें.

राहिला थकलेला पंप. आणि येथें आमच्या 'कां गं?' चें उत्तर मिळतें. डावी बाजू थकली कीं फुप्फुसांतून येणारें रक्त पुढें सरकत नाहीं. तें मागें तुंबतें, पाणी फुप्फुसांत झिरपतें, आणि माणसाला धाप लागते. उजवी बाजू थकली कीं शरीराकडून येणारें रक्त मागें तुंबतें, आणि पाणी सर्वांत खालीं, म्हणजे पायांत उतरतें. अंगठ्यानें दाबून धरलें तर खळगा राहतो. माणूस रात्रीं आडवा झाला म्हणजे पायांत सांचलेलें पाणी पुन्हां रक्तांत येतें, फुप्फुसांवर भार पडतो. तो घाबरून उठून बसतो, खिडकी उघडतो, आणि घरचीं माणसें म्हणतात, स्वप्न पडलें. म्हणून असल्या रोग्याला परिचारिका एक विचित्र प्रश्न विचारते: उशा किती लागतात?

गेल्या मार्गशीर्षांत एका रविवारीं नात वहिनींचें अंथरूण आवरीत होती. ती बाहेर येऊन हळूच म्हणाली, "आबा, आजी तीन उशा घेते. दिवाळींत एकच होती." आम्हीं तें पाहिलें नव्हतें असें नाहीं. रोज पाहत होतों. थंडीचे दिवस, मान आंखडली असेल, असें आम्हांस वाटलें होतें. तिनें वहिनींच्या नडगीवर अंगठा दाबला, खळगा पडला, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांना डॉक्टरांकडे नेलें. इको झाला, हृदय अशक्त झालें आहे असें निघालें. लघवीवाटे पाणी काढणारी गोळी व आणखी दोन गोळ्या सुरू झाल्या, मीठ कमी झालें. पंधरा दिवसांत वहिनी एका उशीवर आल्या.

आतां घरांत नवा नेम आहे. सकाळीं उठून, लघवीला जाऊन आल्यावर, कांहीं खाण्यापूर्वीं, साधारण त्याच वजनाच्या लुगड्यांत वहिनींनीं कांट्यावर उभें राहावयाचें. तीन दिवसांत दोन किलो चढले तर डॉक्टरांना फोन. कारण मांस इतक्या वेगानें वाढत नाहीं, वाढतें तें पाणी. पहिल्या आठवड्यांत वहिनींनीं पुष्कळ कुरकुर केली. "आंघोळीच्या आधीं त्या यंत्राला कोण शिवेल?" इथपासून सुरुवात झाली. मिरचीच्या लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली, ती दोनदां खालीं आलेली सांपडली; दोन्ही वेळां कोणीं आणली तें कोणालाच ठाऊक नव्हतें. मग एके दिवशीं कांट्यानें नऊशें ग्रॅम जास्त दाखविलें, वहिनी आपण होऊन म्हणाल्या, "काल मी दोन फोडी खाल्ल्या," आणि तेव्हांपासून बरणी वरच आहे.

आंकडे स्वयंपाकघरांतील कालनिर्णयावर लिहिले जातात, एकादशी-चतुर्थीच्या खालीं, पेन्सिलीनें. काल ५१.४, आज ५१.३. नात कॉलेजची बस गांठावयाच्या घाईंत असते. तरी निघण्यापूर्वीं ती वहिनींच्या मनगटावर तीन बोटें ठेवून घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट उभी राहते. तेवढ्या मिनिटांत वहिनींनाहि बोलूं देत नाहीं.